अमृतेला आवतण

आमच्या आजऱ्याहून कुणी मुंबईला निघालं की भेटेल तो विचारतो, "येताना काय आणणार?" माझ्या बाबतीत ह्या खेपेला उलटं झालं. मुंबईहूनच अक्काचा फोन आला. "येताना अमृता आण. विसरलास तर दारातूनच परत जा."

अक्का ही माझी थोरली बहीण. लग्नानंतर मुलुंडला गेली ती तिथलीच झाली. गेल्या वर्षी तिच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केमोचे दोन डोस झाले आणि तिसरा रखडला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी इतक्या उतरल्या होत्या की डॉक्टरांनी तिला दोनदा सुई न लावता घरी पाठवलं. त्याच्या आधी, दुसऱ्या डोसच्या सुमारास, दाजींच्या मोबाइलवर कुणी तरी एक संदेश धाडला. वर कमळ, खाली संस्कृत श्लोक आणि मधे 'देवांनी चाखलेली अमृता कॅन्सरचा समूळ नाश करते'. संस्कृतात सांगितलं की दाजी शंका घेत नाहीत.

अमृता म्हणजे गुळवेल, एवढं मला ठाऊक होतं. कॉलेजच्या ग्रंथालयात उभी हयात गेली, त्यामुळे कोशातली झाडं मी सगळी ओळखतो. गुळवेलीनं भलं झालं नाही तरी वाईट काय होणार, असा विचार करून मी आंबोलीच्या वाटेवर राहणाऱ्या धोंडिबाला निरोप दिला, "अमृता पाहिजे. अक्काला कॅन्सर झालाय."

"कॅन्सरची अमृता व्हय? आणतो की," धोंडिबा म्हणाला. "पर आधी आवतण द्याय लागतंय."

आदल्या संध्याकाळी झाडापाशी जायचं, बुंध्याशी अक्षता ठेवायच्या, आजारी माणसाचं नाव सांगायचं आणि 'उद्या न्यायला येतो, चल' म्हणायचं. सकाळी तोंडातून शब्द न काढता आणि आपली सावली झाडावर न पडू देता तोडायचं. मग कापडात शिवायचं. ते गठुळं रोग्याच्या उंबऱ्याआत गेल्याशिवाय उसवायचं नाही.

मी हसलो. पण गठुळं उसवलंही नाही. श्रद्धा नव्हती, कंटाळा होता. अशी दोन गठुळी मी एस.टी.च्या पार्सलनं मुलुंडला धाडली. तिसरं घेऊन स्वतः निघालो.

मुलुंड, सोमवार

बसच्या प्रवासाबद्दल एवढंच सांगतो, की गठुळं माझ्या मांडीवर होतं आणि शेजारच्या गृहस्थांनी पुनःपुन्हा खिडकी उघडली. मला वाटलं, त्यांना बस लागते.

अक्काच्या सोसायटीमागे डोंगर आहे आणि डोंगरात बिबळे आहेत. फाटकावर पाटी आहे: 'सूर्यास्तानंतर मुलांना एकटे सोडू नये.' तिच्याखाली त्याच रंगात, त्याच अक्षरात: 'दुचाकी रांगेत लावाव्यात.' मुंबईकर दोन्ही सूचना सारख्याच भीतीनं पाळतात.

दार उघडलं. समोरच्या बाईला मी "अक्का आहे का?" असं विचारणार होतो. तोंड उघडलंही होतं. मग ती म्हणाली, "बघत काय बसलास? आत ये." आवाज तेवढा जुना होता. डोक्याला रुमाल, भुवया नाहीत, आणि हसल्यावर चेहऱ्यात हसणं पोचायला थोडा वेळ लागत होता.

घराला वास होता. पोटमाळ्यावर घूस मरून पडावी तसा. दाजींनी चंदनाची उदबत्ती लावली होती, त्यामुळे घुशीचे अंत्यविधी झाल्यासारखं वाटत होतं.

"औषध म्हटलं की वास यायचाच," दाजी म्हणाले. त्यांनी गठुळं दोन्ही हातांनी घेऊन देव्हाऱ्यापुढे ठेवलं. मुहूर्तावर त्यांनीच ते उसवलं. मी तेव्हा आंघोळीला गेलो होतो.

चार वाजता अक्कानं चांदीच्या वाटीतून काढा घेतला. साडेचारपासून ती संडासात जात-येत होती. आठवडे झाले, हे असंच चाललं होतं.

"शुद्धी होतेय," दाजी म्हणाले. घराची रंगरंगोटी काढलेला माणूस पाहुण्यांना धूळ दाखवतो, तितक्या अभिमानानं.

दाजी खाली दूध आणायला गेले तेव्हा अक्कानं मला ओट्यापाशी बोलावलं. तिच्या हातात खोकल्याच्या औषधाची धुतलेली बाटली होती. तळाशी गाळ, वर तपकिरी पाणी.

"उद्या मृणालकडे अंधेरीला जाणार ना तू?"

मृणाल तिची मुलगी. वनस्पतींतली द्रव्यं काढायची आणि ती कॅन्सरच्या पेशींवर चालतात का ते बघायचं, ह्याच कामाच्या प्रयोगशाळेत ती आहे. नवऱ्याबरोबर गोरेगावला राहते.

"तिला म्हणावं, हे घालून बघ. मरतात का."

"तू हे पितेस ते तिला माहितेय?"

"वेडा आहेस का? घर डोक्यावर घेईल ती. म्हणून तर रविवारी ती यायच्या आधी सगळ्या खिडक्या उघडते मी."

"मग कुणाचं म्हणून सांगू?"

"आजऱ्याच्या एका म्हातारीचं. खोटं काय त्यात? आजऱ्याचीच आहे मी, आणि म्हातारीच आहे." मग ती ओट्याला धरून उभी राहिली आणि हळू बोलली. "त्या पेशी मेल्या, तर शुक्रवारी डोसला मी हॉस्पिटलात जायची नाही. शुक्रवारीच नाही, कधीच नाही. हेच घेणार."

"आणि नाही मेल्या तर?"

"तर तू सांगशील ते ऐकेन. पण मरतील रे त्या. मला आत कळतंय ना, काहीतरी मरतंय ते."

अंधेरी, मंगळवार

घाटकोपरहून मेट्रोनं अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत गेलो. मेट्रोतून खालची घरं, गच्च्या, वाळत घातलेले कपडे इतके जवळून दिसतात की नजर वळवावी लागते. आमच्याकडे परक्याच्या माजघरात डोकावलं तर भांडण होतं. इथे त्याचं तिकीट मिळतं.

इमारत पाच मजल्यांची, बाहेरून रंग उडालेली. लिफ्टमधल्या बटणांवरचे आकडे झिजले होते. अंदाजानं दाबलं. दार उघडलं तर समोर दवाखाना.

मृणालनं दवाखान्याचं काही सांगितलं नव्हतं. तरी आत गेलो. दोन्ही बाजूंना खाटा, खाटांवर माणसं, हिरव्या चादरी गळ्यापर्यंत. पावलं टाकताना काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, पण काय ते कळेना. मग कळलं. वास नव्हता. फिनेल नाही, औषध नाही, माणूस नाही. सलाइनच्या बाटल्या भरलेल्या होत्या, पण थेंब पडत नव्हता. एका यंत्रावर हिरवी रेघ वरखाली होत होती आणि त्याची वायर भिंतीपर्यंत पोचलीच नव्हती. मी एका नर्सला मृणालचं नाव विचारलं. तिनं माझ्या आरपार पाहिलं.

कोपऱ्यातल्या खाटेवरच्या म्हाताऱ्या बाईनं एक डोळा उघडला. "किती वाजले हो?"

"साडेअकरा."

"बघा! अकरालाच मारणार होते मला. ह्यांचं काही वेळेवर नाही."

तेवढ्यात कुठून तरी आवाज आला, "अरे, फ्रेम में अंकल कौन घुसा?" आणि सगळे रोगी उठून बसले.

मालिकांच्या चित्रीकरणासाठी भाड्यानं दिला जाणारा तो दवाखाना होता. मला हाताला धरून बाहेर काढणारा माणूस सौजन्यानं म्हणाला, "होतं काका. परवा एक जण खरोखरचा ताप घेऊन आला होता."

खरी प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर होती आणि ती मात्र एखाद्या पतपेढीसारखी दिसत होती. दर्शनी भागात पितळी धन्वंतरी, त्याच्यापुढे समई. समईत वात नव्हती, बॅटरीवरचा दिवा होता. आत स्पिरिट असल्यामुळे ज्योतीला बंदी. उद्घाटनाच्या फोटोत एक मोठे गृहस्थ हातात पेटलेली मेणबत्ती असल्याचा भाव चेहऱ्यावर आणून समईचं बटण दाबत होते.

"मामा, उशीर केलास यार," मृणाल म्हणाली आणि तिनं वाकून नमस्कार करता करता माझ्या पायांत प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या.

पेशी सांभाळायचं काम परबबाईंकडे होतं. सिंधुदुर्गाच्या, पन्नाशीच्या, वडील गिरणीत होते. "बसा मामांनू," त्या म्हणाल्या, "आधी माझ्या चेडवांका जेवूक घालूचा हा."

चेडवं म्हणजे मुली. ह्या मुली एका कपाटात राहतात. परबबाईंनी कपाटाचं दार उघडलं आणि माझ्या तोंडावर ऊब आली. ओलसर ऊब, कुणी तरी अगदी जवळ येऊन श्वास सोडावा तशी.

"अंगाइतकीच गरम ठेवतो," मृणाल म्हणाली. "त्यांना वाटायला हवं, की अजून शरीरातच आहोत."

चपट्या बाटलीत लालसर पाणी होतं. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर तळाशी एकमेकींना चिकटून बसलेल्या पेशी दिसल्या. एका बाईच्या गाठीतल्या. बाई परदेशातली, जाऊन कित्येक वर्षं झालेली. पेशी मात्र थांबलेल्या नाहीत. जागा संपली की अर्ध्या काढून दुसऱ्या बाटलीत घालायच्या. तिथेही त्या वाढतात.

"बाई गेली हे त्यांना कुणी सांगितलं नाही वाटतं," मी म्हणालो.

"माझी सासू गेली, पण तिचो धाक अजून घरात फिरता. तसाच ह्या," परबबाई म्हणाल्या. "ह्यांच्यापायी गणपतीक गावाक तीन दिसांच्या वर ऱ्हवाक मिळणा नाय."

कोकणातल्या माणसानं गणपती सोडावा, ह्याहून त्या पेशींच्या सामर्थ्याचा दुसरा पुरावा मला नको होता.

मी बाटली काढली आणि आजऱ्याच्या म्हातारीची गोष्ट सांगितली. मृणालनं कपाळाला हात लावला. "मामा, तू पण? तू तर असल्या लोकांना हसायचास ना?"

"हसतोच आहे. पण ती बाई ह्याच्यावर विसंबून केमो सोडायला निघालीय."

हे ऐकल्यावर तिनं माझ्या हातातली बाटली घेतली. "ताटलीत शेवटची रांग रिकामी आहे," ती म्हणाली. "तिथे घालते. पण ऐक. ताटलीत पेशी मरणं म्हणजे औषध सापडणं नव्हे. ताटलीत व्हिनेगरनंही मरतात. आपल्याला नुसतं मारणारं नको, ओळखून मारणारं पाहिजे. म्हणून शेजारी निरोगी पेशीही ठेवायच्या. गुरुवारी ये."

मृणालनं आतल्या खोलीत काढा गाळला, पुन्हा पुन्हा पातळ केला आणि थेंब थेंब खळग्यांत सोडला. ताटली त्या उबेत गेली. दुपारी परबबाईंनी डब्यातली कुळथाची पिठी आणि भात माझ्यापुढे केला. मी आजऱ्याहून आणलेला सुवासिक घनसाळ तांदूळ त्यांना दिला. त्यांनी मूठभर नाकाशी नेला आणि डोळे मिटले. त्या नाकाचं मला तेव्हा नुसतं कौतुक वाटलं.

मुलुंड, बुधवार

कुठे गेलो नाही. अक्का दिवसभर पलंगावर भिंतीकडे तोंड करून होती. खाटेवर हिरवी चादर नव्हती एवढंच. दर तासाला ती विचारायची, "आता काय करत असतील त्या?" पेशींबद्दल ती अशी बोलायची, जणू त्या शेजारच्या घरी पाहुण्या आल्या आहेत.

चारला वाटी आली. मी म्हणालो, "आज राहू दे की." वासामुळे म्हणालो, दुसरं काही मनात नव्हतं.

"का? आवतण देऊन आणलंय ना तिला?" अक्का हसली. धोंडिबाची गोष्ट मीच तिला विनोद म्हणून सांगितली होती. तिनं त्यातला विनोद तेवढा वगळला होता.

अंधेरी, गुरुवार

ह्या वेळी लिफ्ट सोडून जिन्यानं गेलो. तिसऱ्या मजल्यावरच्या दवाखान्याच्या जागी आता दिवाणखाना उभा होता. भिंतीवर त्या म्हाताऱ्या बाईंचा मोठा फोटो, फोटोला हार. आणि त्याच्याखाली खुर्चीत त्या स्वतः वडापाव खात बसल्या होत्या.

"काल मेले एकदाची," त्या मला म्हणाल्या. "सुटले."

वर मृणाल माझी वाटच पाहत होती. "मामा, मेल्या! सगळ्या मेल्या! झकास! कोण ही म्हातारी? शोधून काढ तिला!"

ताटलीत पिवळा रंग घालतात. जिवंत पेशी तो जांभळा करतात. मेलेल्यांना ते जमत नाही, तिथे पिवळा तसाच राहतो. वरच्या रांगा जांभळ्या होत्या, वाळत घातलेल्या जांभळांसारख्या. आमची रांग हळदीसारखी पिवळीधम्मक होती. हजारपट पातळ केलेला थेंब जिथे पडला होता, तिथेही जांभळ्याची नुसती छटा.

माझ्या डोळ्यांपुढे अक्काचा चेहरा आला. आता तिला काय सांगू? जिंकलीस म्हणून सांगू?

मग मृणालनं ताटली उजेडाकडे वळवली. शेजारच्या, निरोगी पेशींच्या खळग्यांतही हळदच होती.

"हे कशाचं आहे, मामा?"

"अमृतेचं. म्हणजे गुळवेलीचं."

"गुळवेल अशी मारत नाही. मी दोन वर्षं गुळवेलच केलीय."

परबबाईंनी उरलेल्या काढ्याच्या बाटलीचं बूच काढलं, ती नाकाशी नेली आणि झटक्यात लांब धरली. "अरे देवा. मामांनू, ह्यो नरक्यो!"

"काय?"

"नरक्यो. नरकासारको वास येता म्हणान नरक्यो. आंबोलीच्या रानात आसता. आमचो बापूस सांगी, ह्येका हात लागलो तर धुतल्याशिवाय जेवू नको."

मृणाल स्टुलावर बसली. "नरक्याला घाटात अमृतापण म्हणतात," ती म्हणाली. "वाचलंय मी. एकच नाव, दोन झाडं." मग माझ्याकडे न बघता बोलत राहिली. "ह्याच झाडातल्या द्रव्यापासून कॅन्सरची औषधं निघाली, मामा. पण मूळ द्रव्य माणसांना दिलं तेव्हा ते फार विषारी ठरलं. वेगळं काढून, बदलून, मोजून द्यायला लोकांची वर्षं गेली. उकळून प्यायचं नसतं ते. जुलाब होतात, पांढऱ्या पेशी उतरतात. तुझ्या म्हातारीकडे आहे ते वेल आहे की लाकूड?"

"पाहिलं नाही."

"पाहिलं नाही म्हणजे?"

"शिवलेलं होतं," मी म्हणालो. माझंच वाक्य मला अनोळखी वाटलं.

तिच्यासमोरच, पण कुणाला ते न सांगता, दाजींना निरोप धाडला, गठुळ्यातल्या औषधाचा फोटो पाठवा. हात जोडलेल्या चित्रासकट फोटो लगेच आला. स्टीलच्या ताटात लाकडाच्या पांढुरक्या ढलप्या, कडेला साल. वेल नव्हतीच. ती कधीच वेल नव्हती.

पण मृणाल ढलप्यांकडे बघत नव्हती. ताटामागे भिंतीवरची फरशी दिसत होती, सूर्यफुलाचं चित्र असलेली, कोपऱ्यात तडा गेलेली.

"हा आमचा ओटा आहे," ती म्हणाली.

भिंतीवरच्या घड्याळात चारला दहा कमी होते. मी फोन लावला. तिसऱ्या घंटीला अक्कानं घेतला आणि हॅलोसुद्धा न म्हणता विचारलं, "मेल्या का?"

"मेल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या. अक्का, वाटी हातात आहे का? खाली ठेव."

"का रे? मेल्या ना?" तिच्या आवाजात नुसता आनंद होता.

"चांगल्या होत्या त्याही मेल्या, अक्का. गुळवेल नाहीये ती. मी चुकीचं झाड पाठवलं. तुझं रक्त आजारानं उतरलं नाही, माझ्या गठुळ्यानं उतरलं."

  मग मृणाल माझ्या हातातल्या फोनकडे वाकली.

"आई."

"...तू आहेस होय तिथे."

"आई, ओत ते."

 मग मोरीत काहीतरी ओतल्याचा आवाज आला, आणि नळ सोडल्याचा. नळ तिनं खूप वेळ चालू ठेवला.

आजरा

शुक्रवारी मृणाल तिला हॉस्पिटलात घेऊन गेली, बरोबर ती बाटलीही नेली. तिसरा डोस पुन्हा पुढे गेला, पण ह्या खेपेला कारण सगळ्यांना माहीत होतं. शुद्धी बंद झाली. काही आठवड्यांनी रक्त वर आलं आणि डोस झाला. अक्का फोनवर केमोला शिव्या देते. मी ऐकून घेतो. पुढचं कुणालाच माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही, आणि ते तसं सांगतात म्हणून मला बरे वाटतात.

परत आलो त्या दिवशी धोंडिबाला गाठलं. "ती अमृता पोटात घेतात का रे?"

तो दोन पावलं मागं सरला. "पोटात कोन घेतंय? कंपनीची मानसं न्यायची ती कॅन्सरच्या औषधाला. मला वाटलं, तुमची भाची बी कंपनीतच हाय, तीच अक्कांसाठी त्यातनं औषध काढंल. गुळवेल म्हनला असतासा तर रानात कशाला गेलो असतो? तुमच्याच कुंपनावर हाय की."

होती. माझ्याच कुंपणावर, बोटाएवढी जाड. रोज सकाळी मी तिच्याखाली उभा राहून पेपर वाचतो.

"धोंडिबा, झाडाला नाव कुणाचं सांगितलंस?"

"अक्कांचं. तीनदा. तुम्हीच दिलंसा की." तो थोडा वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. "मोडाय लागंल आता ते आवतण."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच्याबरोबर रानात गेलो. झाड साधंच होतं, माझ्याहून थोडं उंच. धोंडिबानं आधीच्या अक्षता वेचाव्या तशी बुंध्याशी बोटं फिरवली, अक्काचं नाव घेतलं आणि म्हणाला, "येऊ नगं." मी एक पान चुरगळून वास घेतला. बसमधल्या गृहस्थांनी खिडकी का उघडली, ते कळलं.

सूर्य माझ्या पाठीशी होता. सावलीबिवलीचं मी काही मानत नाही. पण माझी सावली झाडाच्या दिशेनं लांबत चालली होती, म्हणून परतताना मी लांबचा वळसा घेतला.